तबकडीवरील ध्वनिचित्रे : जतनाची निकड आणि कार्यपद्धती

(अभिलेखांचे काम पाहणारे अधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आजही सोडता येतात. अडीचशे वर्षांपूर्वी बोरूने लिहिलेला मोडी कागद वाचण्यासाठी दोनच गोष्टी लागतात : पुरेसा उजेड आणि मोडी जाणणारा माणूस. कागदाला कसर लागली असेल, शाई फिकी झाली असेल. तरी उरलेला मजकूर हाती लागतो. याउलट वीस वर्षांपूर्वी तयार झालेली सीडी किंवा डीव्हीडी हातात घेतली, तर ती शाबूत आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तिच्यावरील चित्र पाहण्यासाठी यंत्र लागते, यंत्राला तबकडी ओळखता यावी लागते आणि तबकडीवरील संकेत उलगडणारी प्रणाली उपलब्ध असावी लागते. या साखळीतील एक कडी तुटली, तर संपूर्ण मुद्रण मुके होते.

शासकीय कार्यालये, ग्रंथालये, शाळा, वस्तुसंग्रहालये आणि लोककलेचा अभ्यास करणाऱ्या संस्था यांच्या कपाटांतून अशा तबकड्या मोठ्या संख्येने पडून आहेत. त्यांवर सभा-समारंभ आहेत, पंचनामे आहेत, कीर्तनकार, शाहीर आणि दशावतारी कलावंत यांचे प्रयोग आहेत, वयोवृद्धांच्या मुलाखती आहेत. यांतील कित्येकांची दुसरी प्रत कोठेही नाही. ज्यांचा आवाज त्या तबकडीत आहे, त्यांतील अनेक जण आता हयात नाहीत. तो प्रसंग पुन्हा चित्रित करणे कोणालाही शक्य नाही. म्हणून या तबकड्यांच्या जतनाचा प्रश्न तांत्रिक असला, तरी तो केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

तबकडीचा कालखंड

ध्वनीसाठी वापरली जाणारी सीडी १९८२ साली बाजारात आली. १९९३ साली व्हिडिओ सीडीची मानके निश्चित झाली आणि सुमारे ७४ मिनिटांचे चलच्चित्र एका तबकडीवर मावू लागले. १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली. तिच्या एका थरात ४.७ गिगाबाइट माहिती राहत असल्याने चित्राचा दर्जा बराच सुधारला. २००६ साली आलेल्या ब्लू-रे तबकडीत एका थराची धारणाशक्ती २५ गिगाबाइटपर्यंत गेली. संगणकावर तबकडी लिहिणारे यंत्र स्वस्त झाल्यावर ध्वनिचित्रफितींच्या कॅसेटी मागे पडल्या आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर छायाचित्रकाराने एक तबकडी आणून द्यावी, असा प्रघात पडला. लेखन करण्याजोग्या तबकडीचा हा भर साधारणतः पंधरा-वीस वर्षे टिकला. त्यानंतर पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि भ्रमणध्वनी यांनी तिची जागा घेतली.

म्हणजे आज कपाटात असलेल्या बहुतेक तबकड्या दहा ते पंचवीस वर्षे वयाच्या आहेत. हे वय का महत्त्वाचे आहे, ते तबकडीची रचना पाहिली म्हणजे ध्यानात येते.

तबकडीची रचना

बहुतेक प्रचलित तबकड्यांचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. मुख्य भाग पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचा असतो. त्यावर धातूचा अत्यंत पातळ परावर्तक थर असतो. सीडीमध्ये माहितीची नागमोडी रेघ आतून बाहेर गुंडाळत जाते आणि ती उलगडली, तर तिची लांबी पाच किलोमीटरांहून अधिक भरते. लेसरचा किरण या रेघेवरून फिरतो आणि परावर्तित प्रकाशातील फरकावरून यंत्र शून्य व एक हे अंक ओळखते.

कारखान्यात छापलेली तबकडी आणि घरी किंवा कार्यालयात लिहिलेली तबकडी दिसायला सारखी असली, तरी त्यांत मूलभूत फरक आहे. छापील तबकडीत माहिती प्लास्टिकवरच सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने ठसवलेली असते. लिहिण्याच्या तबकडीत परावर्तक थराखाली सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेखनाच्या वेळी लेसरच्या उष्णतेने हे रंगद्रव्य ठिकठिकाणी बदलते आणि तेच डाग पुढे माहिती म्हणून वाचले जातात. थोडक्यात, एक ठसा आहे आणि दुसरा रंग. ठसा पुष्कळ काळ टिकतो, रंग विटतो. आणि कार्यालयांतील एकमेव प्रती बहुधा दुसऱ्या प्रकारच्याच आहेत, ही चिंतेची बाब होय.

सीडी आणि डीव्हीडी यांच्यातही एक व्यावहारिक भेद आहे. सीडीचा माहितीचा थर तबकडीच्या वरच्या, म्हणजे नाव लिहिण्याच्या बाजूस, केवळ लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. त्यामुळे खालच्या चकचकीत बाजूवरील ओरखडा पुष्कळदा घासून दूर करता येतो. परंतु वरच्या बाजूने टोकदार बॉलपेनने नाव लिहिले, तर माहितीच कायमची खरवडली जाते. डीव्हीडीमध्ये ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्यांच्या मध्यभागी सुरक्षित असते. मात्र हा सांधा उलला किंवा तबकडी वाकली, तर तिचेही वाचन बिघडते.

नाशाची कारणे

उष्णता, आर्द्रता आणि प्रकाश हे तबकडीचे तीन प्रमुख शत्रू होत. उन्हामुळे रंगद्रव्य विटते. दमट हवेत परावर्तक थराच्या धातूवर रासायनिक परिणाम होतो, त्याची चकाकी जाते आणि किरण परतत नाही. कागदी चिकटपट्टीचे लेबल तबकडीचा तोल घालवते. त्यातील गोंद कालांतराने लेपावर परिणाम करतो आणि लेबल ओढून काढताना लेपही सोबत निघतो. धूळ, तेलकट बोटांचे ठसे आणि बुरशी ही यांच्या जोडीला असतातच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली ग्रंथपाल आणि अभिलेखपाल यांच्यासाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दीर्घकाळच्या साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असावी, असे तिच्यात सुचविले आहे. ही मर्यादा महाराष्ट्राच्या हवामानाशी ताडून पाहिली, तर अडचण स्पष्ट होते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना स्पर्श करतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेले लोखंडी कपाट वैशाखात किती तापते, हे प्रत्येक कार्यालयाला ठाऊक आहे.

तबकडीच्या आयुष्याबद्दल वेष्टनावर शंभर वर्षांची हमी छापलेली आढळते. प्रत्यक्षात आयुष्य रंगद्रव्य आणि धातू यांवर अवलंबून असते. कॅनडाच्या संवर्धन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे फ्थॅलोसायनिन रंगद्रव्य आणि सोन्याचा थर असलेली लेखनक्षम सीडी शंभर वर्षांहून अधिक टिकू शकते. परंतु चांदीच्या मिश्रधातूचा थर असलेल्या साध्या डीव्हीडीसाठी हीच संस्था १० ते २० वर्षांचा काळ धरते. हे अंदाज चांगल्या साठवणीचे आहेत. कार्यालयांनी विकत घेतलेल्या तबकड्या बहुधा स्वस्त आणि साध्याच होत्या. त्या हिशेबाने अनेकांची मुदत भरत आली आहे किंवा भरून गेली आहे.

फसवी स्वच्छता

जुन्या कॅसेटीची फीत झिजू लागली की चित्रावर मुंग्या दिसत, आवाज खरखरे. पाहणाऱ्याला वेळीच सूचना मिळे. अंकीय तबकडी अशी सूचना देत नाही. तिच्यावर मूळ माहितीबरोबर चुका दुरुस्त करण्यासाठी जादा अंकही लिहिलेले असतात. काही ठिकाणचे अंक वाचता आले नाहीत, तर यंत्र या जादा अंकांच्या आधारे ते पुन्हा तयार करते आणि चित्र पूर्ववत स्वच्छ दिसते. रंगद्रव्य विटत जाते तसतशा चुका वाढतात, यंत्र त्या मुकाट्याने दुरुस्त करीत राहते, आणि एक दिवस चुकांची संख्या दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे जाते. त्या दिवशी चित्र एकदम गोठते किंवा तबकडी ओळखलीच जात नाही.

म्हणून ‘गेल्या वर्षी लावून पाहिली होती, चांगली चालली’ हे तबकडीच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र नव्हे. वाळवीने आतून पोखरलेला वासाही शेवटच्या दिवसापर्यंत छप्पर तोलून धरतो. खरी प्रकृती कळण्यासाठी चुकांचे प्रमाण मोजणारी चाचणी करावी लागते. सीडीसाठी सेकंदाला २२० सदोष खंड आणि डीव्हीडीसाठी सलग आठ खंडांत २८० चुका, या मानकांनी घालून दिलेल्या मर्यादा आहेत. आणि जतनासाठीची तबकडी त्यांच्या पुष्कळ अलीकडे असावी, अशी अपेक्षा असते. युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ कार्यक्रमासाठी केव्हिन ब्रॅडली यांनी २००६ साली तयार केलेल्या अहवालात नेमका हाच धोका दाखवून दिला आहे. चुकांच्या नियमित चाचणीची व्यवस्था नसेल, तर लिहिलेल्या सीडी-डीव्हीडींवर संग्रहाची भिस्त ठेवू नये, असा त्याचा आशय आहे.

यंत्रच नाहीसे झाले तर

समजा, तबकडी उत्तम राहिली. तरीही ती वाचणारे यंत्र हवे. या बाबतीत ब्रिटनमधील एक उदाहरण उद्बोधक आहे. इ. स. १०८६ मध्ये इंग्लंडच्या राजाने आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची पाहणी करविली. ती ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिला ९०० वर्षे झाली त्या निमित्ताने बीबीसीने १९८६ साली एक नवी पाहणी केली. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी तीत भाग घेतला आणि आपापल्या परिसराची वर्णने, छायाचित्रे व माहिती पाठविली. हे सारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या दोन लेसर तबकड्यांवर साठविण्यात आले. त्यांवरील चित्रे जुन्या सदृश पद्धतीची आणि माहिती अंकीय होती. त्या वाचण्यासाठी खास यंत्र आणि विशिष्ट संगणक लागत असे.

पंधरा वर्षांच्या आत ती यंत्रे दुर्मिळ झाली. तबकड्या होत्या, पण वाचणार कशावर, असा प्रश्न उभा राहिला. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारी प्रणाली २००२ साली तयार करून दाखविली. पुढे २०११ साली बीबीसीने त्यातील सामग्री संकेतस्थळावर आणली. ते संकेतस्थळही २०१८ साली बंद होऊन त्याची प्रत अभिलेखागारात गेली. दरम्यान १०८६ सालचे चर्मपत्रावरील मूळ पुस्तक लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचता येईल अशा स्थितीत आहे.

सीडी-डीव्हीडीची यंत्रे आज मिळतात. पण तीही त्याच वाटेने चालली आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडीचा कप्पा बहुधा नसतो. भारतातील आणि जगातीलही एक मोठा तबकडी उत्पादक असलेली नोएडाची मोझर बेअर ही कंपनी २०१८ साली अवसायनात गेली. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लेखनक्षम ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. तेव्हा जी यंत्रे आज सहज आणि स्वस्त मिळतात, त्यांच्या साहाय्याने काम उरकून घेण्याची ही वेळ आहे.

प्रत करणे हेच जतन

अशा परिस्थितीत अधिक टिकाऊ तबकडी शोधून तिच्यावर पुन्हा लिहावे, असा विचार मनात येतो. अजैविक थराच्या, दीर्घायुषी म्हणून विकल्या जाणाऱ्या तबकड्या निघाल्याही आहेत. परंतु यंत्राच्या अभावाचा प्रश्न त्यांनीही सुटत नाही. अंकीय माहितीचे जतन म्हणजे तिच्या तंतोतंत प्रती वेळोवेळी नव्या माध्यमावर नेत राहणे आणि प्रत्येक वेळी प्रत मुळाशी ताडून पाहणे.

ही कल्पना मराठी माणसाला अपरिचित नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढील तीन शतकांत हस्तलिखितांच्या नकला होत गेल्या आणि त्यांत अपपाठ शिरले. संत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. ग्रंथ टिकला तो नकला होत राहिल्यामुळे, आणि शुद्ध राहिला तो ताडून पाहिल्यामुळे. आजच्या जतनाचीही हीच दोन अंगे आहेत. फरक एवढाच की, ताडून पाहण्याचे काम आता यंत्र काही मिनिटांत करते.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

पहिले काम नोंदीचे. उपलब्ध सर्व तबकड्यांची एक नोंदवही करावी. अनुक्रमांक, वेष्टनावरील व तबकडीवरील मजकूर, प्रकार, अंदाजे वर्ष, सद्यःस्थिती आणि विषय हे रकाने पुरेत. तबकडीवर लेबल चिकटवू नये. अनुक्रमांक मधल्या पारदर्शक कड्यावर, मऊ टोकाच्या व पाण्याच्या शाईच्या पेनने लिहावा.

दुसरे काम प्राधान्य ठरविण्याचे. ज्याची दुसरी प्रत नाही, जे कार्यालयात किंवा छायाचित्रकाराकडे लिहिले गेले आणि जे सर्वांत जुने किंवा सर्वांत स्वस्त तबकडीवर आहे, ते प्रथम हाती घ्यावे. बाजारात विकला गेलेला छापील चित्रपट शेवटी घेतला तरी चालेल. दैनंदिन अभिलेखांचे जसे अ, ब, क, ड असे वर्गीकरण होते, तसेच येथेही करता येईल. मात्र विषय न पाहता, केवळ तबकडी जुनी आहे म्हणून ती ‘ड’ वर्गात टाकण्याची चूक होऊ नये.

तिसरे काम हाताळणीचे. तबकडी कडेने आणि मधल्या छिद्राने धरावी. मऊ, कोरड्या सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल पुसू नये, कारण रेघेच्या दिशेने पडलेला ओरखडा दुरुस्तीस अधिक कठीण असतो. तबकड्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत एकीवर एक रचण्याऐवजी कडक डब्यांत उभ्या ठेवाव्यात. इमारतीतील आतल्या, थंड व कोरड्या खोलीतील कपाट त्यासाठी निवडावे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे काम प्रतीचे. डीव्हीडीवर चित्र ‘व्हिडिओ टीएस’ या कप्प्यात अनेक फाइलींत विभागलेले असते. चित्र-ध्वनी ‘व्हीओबी’ फाइलींत, मांडणीची माहिती ‘आयएफओ’ फाइलींत आणि त्या माहितीची राखीव प्रत ‘बीयूपी’ फाइलींत असते. प्रत्येक व्हीओबी फाइल एक गिगाबाइटच्या मर्यादेने तोडलेली असल्यामुळे एकच भाषण दोन फाइलींत विभागले जाते. सुट्या फाइली उचलल्या, तर अनुक्रम आणि प्रकरणांची रचना बिघडण्याचा संभव असतो. म्हणून पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत संपूर्ण तबकडीची एकच समग्र प्रत घ्यावी. संगणकाच्या व्यवहारात तिला ‘आयएसओ इमेज’ म्हणतात.

व्हिडिओ सीडीच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. एका तबकडीत अधिक चित्र मावावे म्हणून तिच्यात चूकदुरुस्तीचा एक टप्पा गाळलेला असतो आणि चित्राचे खंड वेगळ्या रचनेचे असतात. नेहमीची आयएसओ प्रत हे खंड पूर्णपणे टिपत नाही. तेथे २,३५२ बाइटांचा प्रत्येक खंड जसाच्या तसा घेणारी कच्ची प्रत करावी लागते. ही गोष्ट ठाऊक नसल्यास, काम झाले असे वाटून मूळ तबकड्या टाकून दिल्या जातील आणि हाती अपुरी प्रत राहील.

खराब झालेल्या तबकडीवर यंत्राला एकाच ठिकाणी अडकू देऊ नये. ‘डीडीरेस्क्यू’सारख्या मोफत प्रणाली प्रथम सहज वाचता येणारे सर्व खंड उचलतात, अडलेल्या खंडांची नोंद ठेवतात आणि नंतर त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. एका यंत्रावर न वाचलेली तबकडी दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर वाचली जाते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. म्हणून दोन-तीन वेगवेगळी यंत्रे जवळ असावीत. चित्रमुद्रणानंतर ‘अंतिमीकरण’ न केलेली डीव्हीडी साध्या यंत्रावर रिकामी दिसते. तिच्यावर काहीच नाही, असा शेरा मारण्यापूर्वी हे तपासावे.

पाचवे काम पडताळणीचे. रोकड वहीच्या प्रत्येक पानाखाली बेरीज लिहिलेली असते. पुढे कधीही आकडे पुन्हा मिळवून ती ताडता येते. संगणक प्रत्येक फाइलीसाठी असाच एक पडताळा-अंक काढतो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. फाइलीतील एकही अंक बदलला तरी हा हॅश बदलतो. प्रत तयार होताच तो काढून नोंदवहीत लिहावा, आणि दर वर्षी पुन्हा काढून ताडावा. जुळला, तर प्रत शाबूत. न जुळला, तर दुसऱ्या शाबूत प्रतीवरून ती तत्काळ पुन्हा तयार करावी.

सहावे काम अनेक प्रतींचे. किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या इमारतीत असावी. आग, पूर किंवा चोरी एका ठिकाणी येते. मोठ्या अभिलेखागारांना एलटीओ जातीची चुंबकीय फीत सोयीची पडते. लहान कार्यालयाला हार्ड डिस्क आणि शासनमान्य सर्व्हरवरील जागा पुरेशी होते. हार्ड डिस्कही अमर नाही, हे विसरू नये. ती काही वर्षांनी बदलावी लागते.

जतनाची प्रत मूळ स्वरूपातच ठेवावी. डीव्हीडीवरील चित्र आधीच संक्षिप्त केलेले असते. ते पुन्हा दाबले, तर जे गेले ते परत येत नाही. ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे चित्र मोठे करून साठविल्याने त्यात नवा तपशील भरत नाही, केवळ जागा अडते. लोकांना दाखविण्यासाठी लहान, सहज चालणारी वेगळी प्रत करावी आणि मूळ प्रतीला रोजच्या वापरापासून दूर ठेवावे.

शेवटचे काम ओळखीचे. ‘कार्यक्रम, भाग दोन’ एवढेच नाव असलेली फाइल वीस वर्षांनी कोणाला काय सांगणार? प्रसंग, स्थळ, दिनांक, बोलणाऱ्यांची नावे, भाषा, चित्रण करणाऱ्याचे नाव, स्वामित्वहक्क आणि संबंधितांची संमती या बाबी नोंदविल्याखेरीज काम पूर्ण झाले, असे समजू नये. चित्रातील माणसे ओळखणारे वडीलधारे लोक गावात आहेत, तोपर्यंतच ही नोंद शक्य आहे.

खर्चाचा हिशेब

हे काम आवाक्याबाहेरचे वाटू नये म्हणून एक साधा हिशेब मांडता येईल. एखाद्या जिल्हा पातळीवरील कार्यालयात एक हजार डीव्हीडी आहेत, असे धरू. प्रत्येकी ४.७ गिगाबाइट धरले, तरी एकूण माहिती ४.७ टेराबाइटहून अधिक होत नाही. एवढी माहिती आज बाजारात मिळणाऱ्या एकाच हार्ड डिस्कवर मावते. चांगल्या स्थितीतील तबकडी वाचण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. नोंद आणि पडताळणी धरून वीस मिनिटे मानली, तर एक हजार तबकड्यांना सुमारे ३३३ तास, म्हणजे आठ तासांचे सुमारे ४२ दिवस लागतील. एक संगणक, दोन-तीन बाह्य यंत्रे, तीन हार्ड डिस्क आणि एक प्रशिक्षित कर्मचारी एवढ्या साधनांत दोन-अडीच महिन्यांत हा संग्रह सुरक्षित होऊ शकतो. खराब तबकड्यांना अधिक वेळ लागेल, हे खरे. परंतु दर वर्षीच्या दिरंगाईने खराब तबकड्यांची संख्याच वाढणार आहे.

कायद्याची बाजू

अशा तबकड्या म्हणजे फावल्या वेळात पाहण्याच्या वस्तू नव्हेत. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मधील व्याख्येत संगणकाने किंवा अन्य साधनाने निर्माण केलेली सामग्रीही येते. राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हाही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये नागरिकाला फीत, ध्वनिचित्रफीत किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील माहिती मिळविण्याचा हक्क आहे. ‘तबकडी आहे, पण चालत नाही’ हे उत्तर अर्जदाराच्या पदरी निराशा टाकते आणि कार्यालयाच्या विश्वासार्हतेलाही बाध आणते.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात दाखल करताना जोडावयाच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करावे लागते. याचा अर्थ असा की, ज्या पडताळा-अंकाची नोंद जतनासाठी करावयाची, तीच नोंद उद्या न्यायालयातही उपयोगी पडू शकते. प्रत तयार केल्यावरही मूळ तबकडी नष्ट करू नये. तिची विल्हेवाट लावायची झाल्यास ती अभिलेखांच्या विहित पद्धतीनेच लावावी.

गाव आणि शाळा

ग्रामपंचायतीकडे किंवा शाळेकडे शंभर-दीडशे तबकड्या असतील, तर तालुका पातळीवर त्या एकत्र करून हे काम करता येईल. शिक्षकांना यात विशेष वाटा उचलता येण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनी गावातील घराघरांतून अशा तबकड्यांची माहिती गोळा करावी, आजी-आजोबांजवळ बसून चित्रातील माणसांची नावे लिहून घ्यावीत आणि ती यादी ग्रंथालयात ठेवावी. तबकडी मात्र घरमालकाच्या संमतीखेरीज हलवू नये आणि प्रत झाल्यावर ती सन्मानाने परत करावी. धरणाखाली गेलेले गाव, जुन्या घाटावरची जत्रा, ओव्या म्हणणारी वृद्ध स्त्री असे काही एखाद्या घरगुती तबकडीवर निघाले, तर ते त्या घराबरोबरच साऱ्या तालुक्याचे धन ठरेल.

मुंबईचे अभिलेखागार १८२१ साली सुरू झाले, तेव्हा त्या वेळच्या कारभाऱ्यांनी पुढील पिढ्यांसाठी कागद राखण्याची व्यवस्था केली. त्या व्यवस्थेचा लाभ आज इतिहाससंशोधकापासून जमिनीचा जुना दाखला शोधणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत सर्वांना होतो. कागदाने दोन शतके वाट पाहिली. तबकडी दोन दशकांपेक्षा अधिक थांबेल, अशी खात्री देता येत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाने कपाट उघडून तबकड्या मोजाव्यात, त्यांची यादी करावी आणि ज्याची दुसरी प्रत नाही अशा पहिल्या दहा तबकड्यांची समग्र प्रत घ्यावी. एवढ्याने आरंभ झाला, तरी पुढील वाट आपोआप स्पष्ट होईल.